मामाची मांडी

धारच्या पागेमागं खोगिरं शिवणाऱ्या जिनगरांची चार घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरी मानाजीला शोधायला गेलात तर तो हमखास पहिल्या घरी असायचा, आणि पहिल्या घरी गेलात तर आत्ताच तिरल्याच्या रस्त्याला लागला म्हणून कळायचं. "हा पाटावर बसला की पाटाला खाज सुटते," असं त्याची आई सांगायची. जेवताना त्याचा एक गुडघा उभा आणि तोही हलता. पागेचा न्हावी त्याची हजामत करायला कुरकुरायचा. एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात मानाजीचा कान, असं धरून काम उरकायचा.

हात मात्र वेगळे. आरी न् दोरा हातात आला की मनगटापासून पुढं माणूस बदलायचा. खोगिराच्या कडेला घातलेले त्याचे टाके बघत राहावेत असे. एक वाकडा निघेल तर शपथ. आणि वर हे चाललेलं असताना खाली पाय नाचतच असायचे. "वरचा मानाजी आजोबावर गेलाय," पागेतली माणसं म्हणायची, "खालचा कुठल्या वाऱ्यावर गेलाय देव जाणे."

आजोबा पवार सरकारच्या घोड्यांमागून दख्खनेतून आलेला. त्याच्या वेळी खोगिरं शिवून बोटं सोलायची. मानाजी कर्ता झाला तोवर एकोणीसशे सात-आठ साल उजाडलं होतं, आणि पागेतली निम्मी ठाणी रिकामी पडली होती. अशात कुणा पाहुण्या साहेबानं टाकून दिलेली एक सायकल तबेल्याच्या कोपऱ्यात त्याला दिसली. सीट फाटलेली, मागचं चाक आठाच्या आकड्यासारखं वाकलेलं. दोन लगाम शिवून देऊन त्यानं ती उचलली, चाक सरळ केलं, सीटवर खोगिराचं कातडं चढवलं, आणि त्या दिवसापासून धारेत त्याला घरी पाहिलेला माणूस विरळाच.

ह्या भटक्या पायांनी त्याचं एक नुकसान केलं होतं. ते त्याच्या मनात काट्यासारखं सलायचं.

थोरली बहीण यमुना, त्याची अक्का, देवासला दिलेली. नवरा जगदेवराव तिथल्या पोलिसांत हवालदार. लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. त्या दिवशी सकाळी मानाजी मांडूच्या वाटेवर एका म्हाताऱ्या भिल्लाकडं काळविटाचं कातडं आलंय म्हणून बघायला गेला. "असा गेलो न् असा आलो," म्हणाला. आला तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि नवरदेवाचा कान चुलत्याच्या पोरानं पिळला होता. पुढं अक्काच्या मुलाचं बारसं झालं. त्या वेळी इंदूरला तंबूत हलती चित्रं दाखवत होते. मानाजी देवासला पोचला तो बारशाच्या दुसऱ्या दिवशी. जगदेवरावानं त्याला पाणी विचारलं, जेवण विचारलं, आणि निघताना शांतपणे सांगितलं, "माझा कान तुझ्या हाताची वाट बघत राहिला. पोराचा पाळणाही राहिला. आता तिसऱ्यांदा वाट बघणार नाही."

तिसरी वेळ पोराला तिसरं वर्ष लागल्यावर आली. देवासचा एक कासार बांगड्या घेऊन धारेत आला होता, त्यानं अक्काची चिठ्ठी आणली. 'फाल्गुन शुद्ध पंचमीला टेकडीवर मातेसमोर माधवचं जावळ काढायचं आहे. तीन वाजायच्या आत मामाची मांडी पाहिजे. नाही आलास तर हे गणोजीच्या मांडीवर बसवणार म्हणतात. मग जन्माचा मामा तोच. पुढं लग्नात अंतरपाटामागं उभा राहील तोही तोच. अक्का.'

गणोजी हा जगदेवरावाचा शेजारी. धान्याच्या कोठीवर कामाला, देहानं जाडजूड. एकदा बसला की दिवे लागेपर्यंत जागचा हलायचा नाही. मानाजीला तो माणूस नुसत्या नावानंच झोंबायचा.

"आदल्या दिवशी टांग्यानं निघ रे बाबा," आईनं चारदा सांगितलं.

"टांगा दोन दिवस खातो, आई. सायकलनं पहाटे धार, दुपारी देवास."

"पाय तुझे, त्यांचा भरवसा मी कशी देऊ?"

खरं कारण त्यानं आईला सांगितलं नाही. भाच्यासाठी त्यानं वीतभर उंचीचा लाकडी घोडा करून घेतला होता आणि त्याच्यासाठी खरंखुरं खोगीर शिवत होता. पोटाखालून आवळायचा तंग, पाय ठेवायच्या रिकिबी, पाठीला मऊ अस्तर, सगळं घोड्याच्या मापाचं. बोकडाचं पातळ कातडं महिनाभर तेल पाजून त्यानं लोण्यासारखं मऊ केलेलं. शेवटचा टाका चतुर्थीच्या संध्याकाळी पडला. म्हणून पंचमीची पहाट.

सोबतीला दोघे होते. चिंतामणी हा दरबारी दप्तरातला कारकून. त्याची सायकल नवीकोरी विलायती, खिशात घड्याळ, आणि सायकलच्या दांड्याला बांधलेला चकचकीत पंप. दुसरा दत्ताजी, पागेतला मोतद्दार. बाप, आजा, पणजा सगळे घोड्यांत जन्मलेले न् घोड्यांत मेलेले. त्याच्या डोक्याला चमेलीचं तेल एवढं असायचं की मान हलवली की ओघळ यावा. सायकल त्यानं कंपाउंडरची मागून आणलेली, आणि चढायच्या आधी तिच्या दांड्यावर थोपटून "हो बेटा, हो" म्हणायची त्याची रीत.

पूर्वेला फटफटत होतं तेव्हा तिघे निघाले. मानाजीनं घोडा न् खोगीर फडक्यात गुंडाळून पाठीवर बांधलं होतं.

"मैल साठाच्या आसपास," चिंतामणी म्हणाला. "ताशी आठ मैल धरले तर..."

"ते धरणं-बिरणं तू कर, मी पाय मारतो," म्हणत मानाजी पुढं सुटला.

सकाळ गार होती. दोन्ही बाजूंना अफूची शेतं, पाकळ्या गळून गेलेली, हिरवी बोंडं दवानं भिजलेली. बोंडांवरचा चीक खरवडायला बाया वाकलेल्या, त्या सरळ उभ्या राहून बघायच्या. घाटाबिल्लोदला चंबळेचं पाणी पोटरीभर. तिघांनी सायकली खांद्यावर घेतल्या. पलीकडं बैल पाजणारा एक म्हातारा हे बघून हसायला लागला.

"यो कंई है, भिया? थें इनपे बेठो, के या थां पे बेठे?"

"आळीपाळीनं, बा! कधी आम्ही हिच्यावर, कधी ही आमच्यावर!" दत्ताजी ओरडला, आणि म्हातारा हसून हसून खोकला.

मानाजी हसला नाही. त्याच्या मनात घड्याळ नसतानाही टिकटिक चालू होती. चढ आला की तो सीटवरून उठायचा, उतार आला की पुढं ओणवा व्हायचा, सपाटी आली की मागं वळून या दोघांवर खेकसायचा. बेटम्याला चिंतामणीनं घड्याळ काढलं. "सव्वाआठ. आपण वेळेच्या पुढं आहोत. जरा टेकू."

"पुढं आहोत तर पुढंच राहू."

"अरे, तुझ्या अंगात काय विंचू शिरलाय का?"

"दाजीचा शब्द शिरलाय," मानाजी म्हणाला आणि पायडलवर पाय दिला.

इंदूर लागलं तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. कचोरीच्या दुकानापुढं तिघांनी उभ्याउभ्या खाल्लं. समोरच्या पेढीच्या दारात एक विलायती खोगीर टांगलेलं होतं, डुकराच्या कातड्याचं, मधासारख्या रंगाचं. मानाजीचा हात कचोरीसकट हवेत थांबला. तो दोन पावलं तिकडं गेला. कडेचा टाका कसा दडवलाय ते त्याला एवढ्या लांबूनही दिसत होतं, आणि दिसत नव्हतं ते जवळ जाऊन बघायला जीव तुटत होता. काळविटाचं कातडं असंच दिसलं होतं. तंबूचा पडदाही असाच हलला होता.

दत्ताजीनं चिंतामणीला कोपर मारलं. "गेला. आता संध्याकाळपर्यंत इथंच."

मानाजीनं कचोरी तोंडात कोंबली, पाठ फिरवली आणि सायकलवर टांग टाकली. "चला."

"अरे, पाणी तरी..."

"क्षिप्रेवर प्या!"

मांगलिया मागं पडलं. रस्त्याची माती पिठासारखी झालेली, चाक वीतभर आत जायचं. पळसाची झाडं पेटल्यासारखी उभी होती, पण सावली म्हणाल तर भाकरीएवढी. चिंतामणीच्या पोटरीत गोळा आला. तो एकदा उतरला, दुसऱ्यांदा उतरला. क्षिप्रेच्या काठावर तिसऱ्यांदा उतरला तो सरळ आडवाच झाला.

"आता मारलंस तरी उठत नाही," तो म्हणाला. "साडेबारा वाजलेत. देवास आठ मैल. तासाचं काम. मला अर्धा तास दे."

मानाजी पाय आपटत उभा राहिला. एकटं पुढं जावं असं त्याच्या मनात आलं, पण साठ मैलांची सोबत अशी नदीवर टाकून जायची म्हणजे पुन्हा तेच, पाय पुढं आणि माणसं मागं. तो आंब्याखाली बुंध्याला टेकून बसला. पाठीवरचं गाठोडं काढून पोटाशी धरलं.

"झोपू नका रे कुणी," त्यानं बजावलं.

आणि जन्मात दिवसा न झोपलेला मानाजी बसल्या जागी झोपला.

जागा झाला तो चिंतामणीच्या ओरडण्यानं. ऊन आंब्याच्या अलीकडं आलं होतं. चिंतामणी सायकलीशी ओणवा, हातात घड्याळ. "पावणेदोन! मीही झोपलो रे! आणि हे काय झालंय बघ!"

तिन्ही सायकली झाडाला टेकून उभ्या होत्या. सहाच्या सहा चाकं बसलेली, रबर जमिनीवर चपटं पसरलेलं.

"काटे?" मानाजीनं चपटं रबर बोटांनी दाबलं. "सहाही चाकांत?"

"काटे कशाला?" नदीवरून तोंड धुऊन दत्ताजी आला. चेहऱ्यावर कामगिरी बजावल्याचं समाधान. "मी केलं ते. तुम्ही लवंडलात, म्हटलं जनावरांचं कुणी बघायचं? पन्नास मैल पळवलीत न् तंग तसाच आवळलेला! हात लावून बघितलं तर चाकं ही तापलेली. टोपण फिरवलं, सहाही जणींचा दम मोकळा केला. फुस्स करून असा सुस्कारा टाकला, भिया, की अगदी घोडाच."

चिंतामणी त्याच्याकडं बघतच राहिला. "दत्ताजी, हवा हाच तिचा प्राण आहे."

"म्हणजे? परत भरायची नसते?"

"भरायची असते रे गाढवा, पण पंपानं!"

"मग पंप आहे की!" दत्ताजीनं दांड्याकडं बोट दाखवलं.

पंप होता. चिंतामणीनं तो सोडवला, नळी लावली, दांडा ओढला न् दाबला. दांडा सुळकन खाली गेला. पुन्हा ओढला, पुन्हा दाबला. हवा कुठंच जाईना. चाक जसं होतं तसं.

"ह्याला आधी कधी वापरलाय?" मानाजीनं विचारलं.

"नवा आहे," चिंतामणी ओशाळून म्हणाला. "दोन उन्हाळे कपाटात जपून ठेवला होता."

मानाजीनं पंप हिसकावून घेतला, टोक फिरवलं, दांडा बाहेर काढला. दांड्याच्या शेवटाला कातड्याचं वायसर असतं, उलट्या वाटीसारखं. तेच नळीत घट्ट बसून हवा पुढं ढकलतं. ते वाळून सुपारीच्या सालीसारखं झालं होतं. बोटानं दाबताच दोन तुकडे झाले.

नदीपलीकडं कुणी बैलांना हाकारत होतं.

"चालत जाऊ," चिंतामणी म्हणाला. "आठ मैल."

"तीनपर्यंत?"

मानाजी इकडून तिकडं येरझारा घालायला लागला. मग एकदम खाली बसला, पायातला जोडा काढला, कमरेची कातडं कापायची राफी काढली आणि जोड्याच्या जिभेतून एक चकती कापली. दांड्यावर बसवून वळवायला गेला तर ती तडकली. दत्ताजीच्या पट्ट्याचं कातडं बघितलं, ते लाकडासारखं जाड. वाटीचा आकार घ्यायला कातडं पातळ हवं, मुरलेलं हवं, आणि तेल प्यालेलं हवं.

असं कातडं तिथं एकच होतं.

त्यानं गाठोडं सोडलं. वीतभर घोडा, त्यावर तांबूस खोगीर, तंग आवळलेला. दत्ताजी म्हणाला, "नको, मानाजी." चिंतामणीनं मान फिरवली.

मानाजीनं तंग सोडला, खोगीर मांडीवर घेतलं. पाय नाचत होते, पण मनगटापासून पुढं तो आजोबाच होता. बैठकीच्या बरोबर मधोमध राफीचं टोक टेकवून त्यानं चकती फिरवून काढली. एका दमात, कुठंही न चुकता. महिनाभराचं काम, त्याला अधेलीच्या नाण्याएवढं भोक पडलं.

"तेल पाहिजे," तो म्हणाला. "कोरडं चालणार नाही. कुणाकडं काही आहे?"

चिंतामणीनं खिसे चाचपले. मानाजीची नजर दत्ताजीच्या डोक्यावर गेली.

"काय बघतोस?" दत्ताजी एक पाऊल मागं सरला.

"इकडं ये."

"अरे, पण..."

"तंग ढिला केलास ना? ये इकडं, खाली वाक."

दत्ताजी निमूट वाकला. मानाजीनं ती चकती त्याच्या टाळूवर घासली, कानामागं घासली, मानेवरच्या केसांत घोळवली. चकती चमकायला लागली. ती त्यानं अंगठ्यानं दाबून वाटीसारखी वळवली, दांड्यावर बसवली, पेच आवळला. दांडा ओढला, दाबला. या वेळी दांडा अडला, आणि नळीच्या तोंडातून चमेलीच्या वासाची हवा सणकन बाहेर आली.

"आधी तुझीच भरतो," दत्ताजीनं पंप घेतला. त्यानं एवढ्या त्वेषानं दांडा चालवला की पंप तापून हातात धरवेना. दोन चाकं उभी राहिली तेव्हा चिंतामणीनं घड्याळ बघितलं. "सव्वादोन होऊन गेले. तू थांबू नकोस. आमच्या चाकांना वेळ लागेल."

घोडा न् खोगीर पुन्हा पाठीवर बांधून मानाजी घुटमळला. "तुम्हाला टाकून..."

"अरे जा रे!" दत्ताजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, घामाचं की कशाचं कोण जाणे. "या गाढवपणापायी तुझं मामापण गेलं तर मी कुठं तोंड दाखवू? जा!"

ते आठ मैल मानाजीला पुढं कधी नीट आठवले नाहीत. एक बैलगाडी बाजूला घेताना ओढ्यात उतरली आणि गाडीवान त्याच्या सात पिढ्या काढत उभा राहिला, एवढं आठवायचं. आणि टेकडी. देवासची टेकडी समोर दिसायला लागली की वाटतं ही काय, आलीच, आणि ती येतच नाही. पाय मारावेत तेवढी ती मागं सरकते. वर देवळाचं निशाण दिसायला लागलं. गावाच्या वेशीत शिरताना कचेरीवरचे टोल पडले. त्यानं मोजले. एक. दोन. तीन.

तो थांबला नाही. टेकडीच्या पायथ्याला नारळवालीच्या दुकानात सायकल आडवी टाकली, "माई, बघ जरा," म्हणाला न् वर निघाला. दहा पावलांवर पाय लुळे पडले. मांड्या आतून थरथरायला लागल्या. एक जोडा जिभेविना फडफडत होता. तो हातांनी दगड धरत चढला.

वरून पोराचं रडणं ऐकू आलं. टिपेचं.

देवळासमोर दहापाच माणसं जमली होती. मधे पाट, पाटावर गणोजी, भरल्या पोत्यासारखा, अढळ. त्याच्या मांडीवर लाल झबल्यातला माधव, हातपाय झाडत, तोंड भोपळ्याएवढं उघडून. न्हाव्याच्या हातात वस्तरा. केस झेलायला आत्यानं धरलेल्या पुरणपोळीवर काळ्या केसांची एक बट पडलेली.

मानाजी तिथंच उभा राहिला. धापा टाकत. अक्कानं त्याला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. जगदेवरावानं पाहिलं.

"आलास?" तो म्हणाला. "पहिली बट पडली. तीनचे टोल झाले, मग मी वाट बघायची ती बघितली."

"दाजी..." मानाजीनं तोंड उघडलं. चाकं, दत्ताजी, वायसर, सगळं एकदम घशात आलं. सांगितलं असतं तर खरं होतं, पण काळविटाच्या वेळीही कारण खरंच होतं आणि तंबूच्या वेळीही. तो एवढंच म्हणाला, "उशीर झाला."

पोरगं रडतच होतं.

मग अक्काच पुढं झाली. आवाज चढवून बोलायची तिची सवय नव्हती, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "एक बट पडलीय. डोकं सगळं बाकी आहे."

"मुहूर्त..." जगदेवराव म्हणाला.

"मुहूर्ताचं मला नका सांगू. जावळ कधी कुणी दुपारी काढतं का? जोशीबुवा सकाळचा काढून देत होते, मी पाया पडून तिसऱ्या प्रहराचा मागून घेतला. धारचं माणूस सकाळी पोचत नाही म्हणून. तुम्हालाही ठाऊक होतं ते, आणि तुम्ही गप्प बसलात. मग आता अर्ध्या घटकेसाठी कशाला बोलता?"

जगदेवराव मिशीवरून हात फिरवत निशाणाकडं बघत राहिला. गणोजी मात्र उठला. तेवढ्या देहाचा माणूस पोराला घेऊन एका हिसक्यात उठला, हे बघून लोक चकित झाले. "घे बाबा," तो मानाजीला म्हणाला, "माझ्या मांडीवर हे जसं काही इंगळावर बसवलंय. मघापासून लाथा खातोय. तू बस."

मानाजी जोडे काढून पाटावर बसला. माधव मांडीवर आला. न्हावी वस्तरा घेऊन वाकला आणि पुन्हा सरळ झाला.

"भिया, मांडी थांबव."

मानाजीनं खाली पाहिलं. मांड्या थडथडत होत्या, दोन्ही, उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारख्या. साठ मैल अंगात अजून धावत होते. त्यानं दात आवळले, टाचा दाबल्या, श्वास कोंडला. मांड्या जास्तच उडायला लागल्या.

"इस मांडी पे वस्तरा नी चलेगा," न्हावी म्हणाला. "छोरे का कान जायगा. दुसरं कुणी बसवा."

कुणीतरी खुसखुसलं. 'जन्मात बूड टेकलं नाही, आज टेकलं तर हे,' असं कुणी म्हणालं असेल, नसेल, मानाजीला ते ऐकू आलं. त्यानं अक्काकडं पाहिलं नाही. आता उठावं लागणार होतं. त्याच्या कपाळावरून घाम पोराच्या ओल्या केसांत पडला.

आणि त्याच्या लक्षात आलं की रडणं थांबलंय. माधव गप्प झाला होता. थरथरत्या मांडीवर त्याचं डोकं पाळण्यातल्यासारखं हलत होतं आणि डोळे जड व्हायला लागले होते.

मग पावलं वाजली. जगदेवराव समोर येऊन उकिडवा बसला. त्यानं पागोटं काढून बाजूला ठेवलं, बाह्या मागं सारल्या आणि दोन्ही पंजे मानाजीच्या गुडघ्यांवर ठेवून असे दाबले, जसं अडेल माणसाला चौकीत बसवतात. हाडं कळवळली. मांड्या दोन-चारदा उसळल्या आणि त्या वजनाखाली दबल्या.

"चालव रे," जगदेवराव न्हाव्याला म्हणाला.

वस्तरा चालला. बटा पडायला लागल्या. मानाजीनं दोन्ही तळव्यांत भाच्याचं डोकं धरलं होतं, खोगीर धरावं तसं, न हलता. समोर, अगदी नाकाशी, जगदेवरावाची वाकलेली मान होती आणि त्याचा उजवा कान.

"बघतोस काय?" जगदेवराव मान वर न करता पुटपुटला. "पिळायचा राहिलाय तो. पीळ."

"हात मोकळे नाहीत, दाजी."

"मग राहू दे," जगदेवराव म्हणाला आणि गुडघे आणखी जोरानं दाबले. "चमेलीचा वास कसला येतोय रे तुला?"

ऊन उतरता उतरता चिंतामणी न् दत्ताजी वर पोचले. चिंतामणी लंगडत, दत्ताजीचे केस सुकून पहिल्यांदाच उभे राहिलेले. तुळतुळीत डोक्याचा माधव मामाच्या मांडीवर झोपला होता, आणि मामा त्याला जाग येईल म्हणून पाटावरून उठायला तयार नव्हता. दत्ताजीनं लांबूनच ते पाहिलं. जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "भिया, सायकली खाली नारळवालीपाशी आहेत. रात्री दम सोडायचा का नाही?"

मानाजीला हसू आलं, पण त्यानं मांडी हलू दिली नाही.

म्हणून मानाजी पुढं सुधारला असं मात्र नाही. दुसऱ्याच सकाळी, दूध तापायच्या आत, तो इंदूरच्या रस्त्याला लागला होता, पेढीच्या दारातलं ते खोगीर बघायला. अक्काच्या धाकट्या दिराच्या लग्नातही तो अक्षता पडल्यावरच उगवला. पण माधवच्या मुंजीला, आजारपणाला, परीक्षेला तो आदल्या दिवशी यायचा आणि ओसरीवर गुडघा हलवत बसायचा. कुणी मामा म्हणून त्याचं कौतुक करायला लागलं की म्हणायचा, "पहिली बट गणोजीची हं. बाकी डोकं माझं." गणोजी तिथं असला तर मान डोलवायचा. कान पिळायचा राहिला तो राहिलाच. जगदेवराव दर भेटीत विचारायचा आणि मानाजीचे हात दर भेटीत कशात तरी गुंतलेले असायचे.

घोडा माधवकडं होता. मानाजीनं किती वेळा म्हटलं, दे, नवं खोगीर शिवून देतो, भोक पडलेलं बरं दिसत नाही. पोरगं द्यायचं नाही. त्या भोकात तर्जनी अडकवून, घोडा बोटावर उचलून, तो देवासच्या गल्लीगल्लीतून पळवत हिंडायचा आणि जेवायला हाक मारली तर कधी घरात सापडायचा नाही.